चकाचक नळी

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. तरी माझ्या मुलीची राज्य स्पर्धेची निवड मीच उडवली.

कोल्हापुरात एका दूध डेअरीत मी नोकरीला होतो. रिकामे कॅन नीट धुतलेत का बघणं, हे माझं काम. बावीस वर्षं कॅनमध्ये डोकं घालून वास घेतल्यामुळं घाण दिसली की माझे हात शिवशिवतात. (बायकोचा शेवटचा घास संपायच्या आत मी तिचं ताट उचलतो. याचं कौतुक घरात कुणी केलेलं नाही.)

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मुलगी शुभा क्लबात रायफल नेमबाजी करायची. ज्युनियर गटातलं तिचं शेवटचं वर्ष. निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. ती हातपाय धुवायला गेली होती, रायफल टेबलावर उघडी. मी नळी उजेडाकडं धरून आत बघितलं, तर काजळीच काजळी!

क्लबातले शिवाप्पा ओरडले, "पावणं, ऱ्हाऊ द्या की! त्यात हात घालायचा न्हाय."

"अहो, उद्या पोरीची चाचणी हाय, आणि ही घाण?"

शिवाप्पांची पाठ वळली आणि मी सळईला चिंधी गुंडाळली. तेल घातलं, घासलं. परत तेल, परत घासलं. शेवटची चिंधी पांढरीशुभ्र निघाली तेव्हा माझे डोळे भरून आले! वर गंजू नये म्हणून तेलाचा एक हात. शुभाला काही बोललो नाही. सरप्राइज!

दुसऱ्या दिवशी सरावाच्या फक्त पाच गोळ्या होत्या. पहिली वर गेली. दुसरी त्याहून वर. शुभानं नेमाचे स्क्रू फिरवले, पाचवी मधोमध बसली. मी टाळ्या वाजवल्या. (तिथं वाजवत नाहीत.) मग गुणांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या खाली घसरायला लागल्या. तिनं स्क्रू परत फिरवले. आता डावीकडं!

तिचे सर मागं येऊन मला म्हणाले, "नळी कुणी साफ केली काय हो?"

"मी की, सर! चकाचक!"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, गोळीच्या मेणाचा, काजळीचा पातळ थर आत बसलेला असतोय. त्याच्यावर नेम जमवलेला हाय पोरीनं! तुम्ही तो खरवडून वर तेल चोपडलंसा. थर परत बसायला पंधरा-वीस गोळ्या जातील."

"मग आता?"

"आता बघत बसायचं."

विसाव्या गोळीनंतर सगळ्या मधोमध. चार गुणांनी निवड गेली.

 घरी बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"रायफल चांगली चालली... शेवटी शेवटी," मी म्हणालो.

मग शुभाला सगळं सांगितलं. "चुकलं माझं. रागावलीस?"

"रागवता पण येईना, बाबा. किती मन लावून पुसलंसा!" असं म्हणून तिनं दार लावून घेतलं. आतून हुंदके ऐकू येत होते. मी तसाच बाहेर बसून राहिलो. त्या दिवशी घरातलं एकही ताट मी उचललं नाही.

पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटाचा फॉर्म घेऊन आली. साक्षीदार म्हणून घरच्या कुणाची तरी सही पाहिजे होती. मी पेन उघडून उभाच! ती मला ओलांडून आईकडं गेली.

"अगं, मी हाय की!"

"नको बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सहीच्या आधी फॉर्म पुसून काढाल."