वायपरला गंध आणि म्हैसूरचा रस्ता

गाडीतली बटणं काढून टाकायचं खूळ आजचं आहे असं वाटत असेल, तर तुम्ही नव्वदच्या दशकात आमच्या भावजींबरोबर बंगळूरहून म्हैसूरला गेलेला नाहीत. भावजी म्हणजे अक्काचा नवरा, पेशानं इंजिनिअर, आमच्या लेखी कोरमंगलाचे शास्त्रज्ञ. चांगली नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या गाडीचा डॅशबोर्ड सपाट केला होता. दिवे, वायपर, हॉर्न, सगळ्यांच्या जागी पितळी टिकल्या. नुसतं बोट टेकवायचं! म्हैसूरच्या एका कारखानदारानं ते बघायला दसऱ्याला बोलावलं होतं. त्यानं घेतलं तर ठीक, नाहीतर घर अक्काच्या शिकवण्यांवर चालणार होतं. मी बेळगावहून सुट्टीला आलो होतो, फुकटची सीट कशाला सोडा म्हणून मागं बसलो.

आयुधपूजा आदल्या दिवशीच झालेली. तरी निघताना अक्कानं ताजं गंध उगाळलं आणि दरवर्षी बटणांना लावते तसं एकेका टिकलीला लावलं. भावजींनी हात जोडले. ओलं गंध आणि बोट यांतला फरक टिकलीला कळत नाही, हे एवढ्या मोठ्या इंजिनिअरला काही सुचलं नाही.

केंगेरी यायच्या आतच वायपर आपोआप सुरू झाले आणि काचेवरचा झेंडूचा हार झोडपू लागले. मग हॉर्न. भावजींनी ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा भर उन्हात दिवेही लागले. बिडदीला थांबाच. ताटलीएवढी तट्टे इडली, वर लोणी, दहा रुपयांत दोघांचं पोट भरायचं. आमची इडली होईतो गंध वाळलं आणि हॉर्न गप्प झाला.

दसऱ्याला म्हैसूरला मात्र जाऊ नका, अख्खं राज्य तुमच्या आधी पोचलेलं असतं. कारखानदार म्हातारा, सभ्य. गाडीत शेजारी बसला आणि भावजींना एवढंच म्हणाला, "रस्त्यावरची नजर न काढता वायपर लावून दाखवा." भावजींचं बोट सपाट पत्र्यावर चाचपडत राहिलं. शेवटी हॉर्न वाजला. त्यानं कॉफी पाजली, स्वल्प थांबा, कळवतो म्हणाला. त्याचा अर्थ नकार, हे बंगळुरात वर्षभर राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

परतताना मद्दूरच्या पुढं धो धो पाऊस लागला. मद्दूरवडा हातातच राहिला. दमट हवेनं सगळ्या टिकल्या एकदमच ओलावल्या, त्यांना खरं बोट कळेना, वायपर हलेना, समोरचा ट्रक दिसेना. जुना स्विच डॅशबोर्डखाली तारांसकट लोंबत होता, पण त्याची मूठ काढलेली. अक्कानं पर्समधून ती काळी मूठ काढली, बसवली आणि पिळली. काच स्वच्छ झाली.

भावजींनी विचारलं, "ही बरोबर का घेतलीस?"

"आज नाही घेतली," अक्का म्हणाली. "तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हापासून पर्समध्येच आहे."

मी हातातला मद्दूरवडा भावजींना दिला. माझ्यासाठी हा विक्रमच. पुढच्या महिन्यात भावजी हेब्बाळकडच्या एका कारखान्यात रुजू झाले.

परवा भाचीनं नवी गाडी आणली. आत एकही बटण नाही, डॅशबोर्डवर बोटानं चालणारी एक भलीमोठी काच. अक्का गंधाची वाटी घेऊन आत वाकली आणि काचेपाशी थबकली. भावजींनी तिचं मनगट धरून स्टिअरिंगकडे वळवलं.

"तिथं नको," ते म्हणाले. मग हळूच, "मूठ आहे ना गं पर्समध्ये?"