दुसऱ्याच्या संगणकावर उघडा राहिलेला नकाशा

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. रस्त्यांखालचे नळ कुठून कुठे जातात, कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुणाचं पाणी बंद होतं, हे सगळं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होतं आणि तो एकवीस वर्षं फक्त बाईंच्या टेबलावरच्या संगणकात चालायचा.

मग संगणक विभागातल्या चष्मेवाल्याने तो उचलून सर्व्हरवर नेला.

"बाई, आता ब्राउझर उघडायचा की झालं. इंटरनेट असेल तिथे तुमचं टेबल."

"म्हणजे चोराचंही तिथेच टेबल!"

"पासवर्ड लागेल, वर फोनवर येणारा आकडाही. शिवाय प्रोग्रॅम चालतो इथेच, तिकडे दिसतं ते नुसतं चित्र."

बाईंनी मान डोलावली, पण ते काही त्यांच्या गळी उतरलं नाही.

महिन्याभरातच ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. बाई रजा टाकून तिच्या गावी गेल्या. ताईला आत नेलं आणि अर्ध्या तासात कार्यालयातल्या फिटरचा फोन वाजला.

"बाई, मोठी लाइन फुटलीय! शाळेच्या तळघरात पाणी शिरतंय. व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, सापडत नाही."

मोबाइलवर नकाशातली अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. भाचीला बाकावर बसवून बाई रस्त्यापलीकडच्या वाचनालयात धावल्या. कोपऱ्यातल्या संगणकावर पासवर्ड टाकला, फोनवरचा आकडा टाकला आणि तोच जुना करड्या बटणांचा प्रोग्रॅम समोर उभा राहिला.

"फाटकापासून पूर्वेला साडेसात मीटर. दिव्याच्या खांबाच्या अलीकडे खणा."

फोनमधून पहारीचे ठोके ऐकू येत राहिले. बाई नकाशा पुन्हा पुन्हा सरकवून जागा ताडून बघत होत्या. "सापडला!" फिटर ओरडला, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आईला बाहेर आणतायत!"

बाई तशाच पळाल्या.

ताईने डोळे उघडले, बहिणीचा हात दाबला. आणि त्या क्षणी बाईंना आठवलं. लॉग आउट केलं नव्हतं. अख्ख्या शहराचं पाणी एका परक्या संगणकावर उघडं पडलं होतं. त्यांनी चष्मेवाल्याला चार फोन केले. तो उचलेना.

बाई पुन्हा वाचनालयात धावल्या. तिथे त्या खुर्चीवर एक पोक्त गृहस्थ जुन्या सायकलींच्या जाहिराती बघत बसले होते.

"अहो, इथे आधी काही उघडं होतं का?"

"होता कसला तरी नकाशा. मी खिडकी बंद केली."

"काही उतरवून घेतलंत?"

गृहस्थ दुखावले. "मला सायकल घ्यायचीय हो. तुमचे नळ घेऊन काय करू?"

"नळ? म्हणजे तुम्ही नीट बघितलात!"

"समोरच होता. डोळे मिटून बसू?"

तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन आला. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. तो नोंदी चाळत राहिला.

"अकरा सहाला तुम्ही शेवटचं काही दाबलंत. अकरा आठला खिडकी बंद झाली. तिथून फाईल उतरवता येतच नाही. आता मी इथून तुमचं दार लावून टाकलंय, उघडून बघा."

गृहस्थांना जरा सरकायला सांगून बाईंनी प्रोग्रॅमचा पत्ता तीनदा उघडून पाहिला. तिन्ही वेळा पासवर्ड मागितला.

"पण त्या दोन मिनिटांत कुणी फोटो काढला असेल तर?"

"ते मला कळणार नाही, बाई."

गृहस्थांनी आपला फोन पुढे केला. त्यात फोटो होते ते नातवंडांचे आणि सायकलींचे. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दोन वेळा माफी मागितली.

चष्मेवाल्याने वर कळवण्याआधी बाईंनी स्वतःच सगळं लिहून पाठवलं. पुढचे चार दिवस फोन वाजला की त्यांना नोकरी गेल्यासारखंच वाटायचं. पाचव्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. शाळा वाचवल्याबद्दल त्यांनी आभार मानले, मग सार्वजनिक संगणकावरून नकाशा उघडल्याबद्दल कडक शब्दांत समज दिली. काही हललं नाही तर मिनिटभरात प्रोग्रॅम आपोआप बंद व्हावा, असं ठरलं. कार्यालयाने बाईंना एक लॅपटॉपही पाठवला.

ताईला आणखी तीन आठवडे सोबत हवी होती. बाईंनी तिच्याच घरून काम केलं. भाची चहा घेऊन खोलीत आली की त्या लॅपटॉप मिटायच्या, आणि भाची म्हणायची, "मावशी, मला नळातलं काही कळत नाही गं."

"तरी दार वाजवून येत जा," बाई म्हणायच्या.