गाडीतला अर्थ

वेंगुर्ल्याच्या आमच्या मुलखात कुणी नुसता रस्ता विचारायला आला तरी आधी त्याच्या आजोळची चौकशी होते. असल्या गावात गुरुदास मिस्त्री जन्माला आला, ही देवाचीच चूक म्हटली पाहिजे. चार शब्दांचं काम तो तीन शब्दांत उरकी, आणि तिसऱ्याचाही त्याला पश्चात्ताप होई. हात मात्र सोन्याचे. मुंबईत बारा वर्षं मोटारी दुरुस्त करून तो गावी परतला होता, आणि आमच्याकडे ज्या दहा-पंधरा मोटारी तेव्हा खोकत फिरत, त्या सगळ्यांची नाडी त्याला ठाऊक होती.

त्यातली एक हरिश्चंद्रची. हा गुरुदासचा शाळेपासूनचा सोबती. गोदीतली कारकुनी संपवून गावी आला तो वीस वर्षांची जुनी गाडी घेऊनच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळे लाड गाडीचे. सकाळी आधी तिला पुसायचं, मग स्वतःची आंघोळ, मग पोथी. माणूस वाचणारा, आणि वाचणारा माणूस साध्या शब्दाला साधा राहू देत नाही.

अठ्ठावन्न साली त्या गाडीचे पुढचे दिवे मंदावले. भोंगा वाजवला की आणखीच मिणमिणत. गुरुदास आला. त्याने बल्ब काढून थेट बॅटरीला लावून पाहिला, तर लख्ख. दिव्यापर्यंत येणारी तार तपासली, तीही धड. मग एक जादा तार घेऊन तिचं एक टोक दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीला टेकवलं, तसा दिवा झगझगला. निदान झालं. करंट दिव्यातून गाडीच्या लोखंडात उतरतो आणि तिथून बॅटरीत परत येतो. ह्या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक इंग्रजीवरून 'अर्थ' म्हणतात. खाऱ्या वाऱ्याने तिथली तार गंजून गेली होती.

गुरुदासने हात पुसले आणि म्हणाला, "हरी, ह्या गाडयेत अर्थ नाय."

एवढं बोलून तो नवी तार आणायला सावंतवाडीला निघून गेला. जातो म्हणून सांगायचं, तर आणखी एक वाक्य खर्ची पडलं असतं ना!

हरिश्चंद्र ओटीवर पान लावत बसला होता. झगझगलेला दिवा त्याने पाहिलाच नाही. त्याला दिसलं ते मित्राचं गंभीर तोंड. अर्थ नाही! पोथीत संसाराला अर्थ नाही म्हणतात, तसाच हा निकाल त्याने शिरसावंद्य मानला.

त्याची बायको सावित्री म्हणाली, "अवो, अर्थ नाय म्हणजे काय, ता इचारा तरी."

"गुरू उगाच बोलणारो न्हय," हरिश्चंद्र म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी शिरोड्याचा बाबली आला. हा भाड्याच्या गाड्या चालवी. हरिश्चंद्रने तो म्हणेल त्या किमतीला गाडी देऊन टाकली, वर शहाळंही पाजलं. तिसऱ्या दिवशी गुरुदास तार घेऊन आला, तेव्हा अंगण रिकामं. सावित्रीने "इकली" म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि घरी गेला. आठवड्याने बाबली तीच गाडी घेऊन त्याच्या दारात हजर. पाव तासात गंज खरवडला, तार बसवली, आणि त्याच तिन्हीसांजेला गाडी दोन्ही दिवे पेटवून हरिश्चंद्रच्या दारावरून गेली.

झालं. मिस्त्री आणि बाबली एका ताटात जेवतात, 'अर्थ नाय' म्हणून दोघांनी आपली गाडी मातीमोलाने लाटली, हे हरिश्चंद्रने गावभर केलं. गावाने गुरुदासला वाळीत टाकावं की नाही? छे! इतकी वर्षं त्याला भोळा समजणारे लोक आता त्याला हुशार म्हणू लागले. "अमक्याची गाडी नजरेत आसा. जरा तिच्यातलो अर्थ काढशात?" असं विचारायला माणसं येत. तो त्यांना हाकलून देई. लोकांना वाटे, भाव वाढवतोय. मला तेव्हा त्या लोकांची चीड आली होती, अजून येते. पण गुरुदासला गावाचं काहीच नव्हतं. हरी बोलत नव्हता, ते त्याला खात होतं. जेवण तुटलं त्याचं.

तीन महिन्यांनी त्याने बाबलीकडून तासाभरासाठी गाडी मागून घेतली आणि सरळ हरिश्चंद्रच्या अंगणात आणून उभी केली. त्याला हाताला धरून पुढे ओढलं.

"बघ. ही तार काढलंय, दिवो मंद. लावलंय, दिवो बरो. ह्या तारेक अर्थ म्हणतत. ता गंजलेला. तू इचारूक नाय, मी सांगूक नाय."

गुरुदासच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण. हरिश्चंद्रने स्वतःच्या हाताने तार काढली, लावली, पुन्हा काढली. गाडी चांगली होती. मित्रही चांगला होता. उरला कोण, ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो पायरीवर जाऊन बसला.

"गुरू," तो म्हणाला, "तू चोर होतस तेव्हा माझे दिवस बरे जायत होते. आता मी कोणाक गाळी घालू?"

गुरुदास त्याच्या शेजारी बसला.

"माकाच घाल," तो म्हणाला. "सवय झाली आसा."