किलियनच्या बायकोची कबर

किलियन मटाया आमच्या गावचा, राजधानीत, लिलाँग्वेत सरकारी ड्रायव्हर. आरोग्य खात्यातले बडे अधिकारी चिगोनासाहेब, तेही आमच्याच गावचे, आणि त्यांची गाडी किलियनच चालवायचा. गावात कोणी गेलं की शवपेटी साहेब पाठवायचे आणि कबर मी खणायचो. माझ्या आईची पेटीही त्यांनीच दिलेली.

एका इंग्रज कंपनीने सरकारला रुग्णवाहिका विकल्या. वरून रंग नवा, आत इंजिन भंगारातलं. ड्रायव्हर कमी पडले म्हणून एकदा किलियनला त्यातल्या एकीवर धाडलं. गाडी चढावर बंद पडली आणि मागे झोपलेली अडलेली बाई तिथेच गेली. ती बाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कंपनीच्या गोऱ्याने हॉटेलातून साहेबांच्या घरी पाठवलेल्या बॅगा त्यानेच तर वाहिल्या होत्या. त्यांत काय होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तपासाला लंडनहून दोन बायका आल्या. साक्ष द्याल का, म्हणाल्या. मी किलियनला बजावलं, "बाबा रे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

तो हसला. "अरे, खटला गोऱ्यावर आहे, साहेबांवर नाहीच! त्यांचा कायदा त्यांच्या लाच देणाऱ्याला धरतो. घेणारा परक्या देशाचा, त्याला ते हात लावत नाहीत. बाईंनी दोनदा सांगितलं. मग साहेब कशाला रागावतील?"

इतका भाबडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इथूनच पडद्यासमोर बसून त्याने लंडनच्या कोर्टाला सगळं खरं सांगितलं. गोरा तुरुंगात गेला. कंपनीने दंड भरला, तो त्यांच्याच सरकारी तिजोरीत. आमचे साहेब खुर्चीत होते तिथेच राहिले. त्यांनी फक्त किलियनकडून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. गावाला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याची बायको एनेलेसी तापाने गेली. पेटी आली नाही. रिवाजाप्रमाणे मयताघरची चूल पेटवायला एक बाई फिरकली नाही. माझी पाठ धरली आहे, असा मी निरोप धाडला. पाठ ठणठणीत होती. माझा भाऊ साहेबांच्या कचेरीत शिपाई आहे. मला लाज वाटते, पण खरं ते हेच.

राहवलं नाही म्हणून दुपारी कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत गेलो. आमच्यात नवऱ्याने मयताजवळ बसायचं असतं, कुदळीला हात लावायचा नसतो. किलियन बायकोला लेकीच्या हवाली करून एकटाच खणत होता. जेमतेम गुडघाभर झालं होतं. त्याने मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, किती खोल खणतोस रे तू?"

"छातीपर्यंत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुन्हा खणायला लागला.

मी घरी आलो. बायकोने मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढला. माझी कुदळ दाराआड उभी होती. तिच्याकडे पाठ करून मी जेवायला बसलो.