सर्जेराव आप्पांचा दुसरा भाग

राहू गावच्या वाचनालयात मी अठरा वर्षं ग्रंथपाल आहे. एवढ्या वर्षांत पुस्तकावरून माझ्याशी भांडायला आलेला माणूस एकच, सर्जेराव आप्पा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. एका दुपारी त्यांनी जाडजूड कादंबरी माझ्या टेबलावर आपटली.

"ताई, असलं पुस्तक ठेवता तरी कसं? सगळी मरायलाच टेकलीत. एक बरं पान न्हाई."

मी मुकाट्याने जमा करायला रजिस्टर ओढलं, तर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"जमा नका करू. अजून आठ दिवस लागतील."

असं दोन महिने चाललं. पुस्तकाला शिव्या द्यायच्या आणि पुन्हा तेच बगलेत मारून घरी न्यायचं.

आप्पांना वाचायची सवय पोथीने लावली. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची आणि तीस वर्षं ती आप्पांनी वाचली. पोथीला माणसं दोन लागतात, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. आप्पा ओवी वाचायचे, शेवटचा शब्द हेल काढून लांबवायचे, आणि तो हेल संपला की त्यांचे दोस्त मारुतराव अर्थ सांगायचे. माणसं खरी यायची ती मारुतरावांसाठी. आप्पांना हे ठाऊक होतं आणि थोडं टोचायचंही, पण मारुतरावांशिवाय त्यांनी कधी एक ओवी वाचली नाही.

पुढे ऐकणारे घटले. शेवटच्या वर्षी समोर तिघंजण बसलेले, त्यातले दोघं पेंगत होते. त्यानंतरच्या श्रावणात पोथीचा रुमाल कुणी सोडलाच नाही, आणि ही दोन रिकामी माणसं माझ्या वाचनालयात येऊन बसू लागली. दोघांची बडबड टाळावी म्हणून मी त्यांना एक अद्भुत कादंबरी दिली. तीन भागांची होणार होती, त्यातला हा पहिला. त्यांनी ती देवळात नेली आणि सरळ पोथीसारखी लावली. चेटकीण राजपुत्राचा दगड करते, हे आप्पांनी हेल काढून वाचलं. मारुतराव लगेच म्हणाले, "म्हंजी काय, तर माणूस खुर्चीत बसला की त्याचा दगड व्हतो. लांब कशाला, आपल्या सोसायटीचे चेअरमन बघा." लोक परत जमू लागले. चेअरमन मात्र त्या बाजूला फिरकेनात.

पहिला भाग संपला आणि मारुतरावांच्या किडन्यांनी दगा दिला. साखरेमुळे नजरही गेली होती. मुलगा त्यांना हडपसरला फ्लॅटवर घेऊन गेला. "गुढीपाडव्याला येतो," असं ते गाडीत बसताना म्हणाले.

दुसरा भाग, आप्पांनी माझ्या टेबलावर आपटला तो, त्यानंतर आला. मग रोज दुपारी चारला आप्पा वाचनालयातून मारुतरावांना फोन लावून तो वाचून दाखवायचे. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी तक्रार केली, ती मी कानाआड केली. आप्पा घरूनही फोन लावू शकले असते, पण त्या घरात दिवसभर दुसऱ्या माणसाचा आवाज नसतो. मी त्यांना कधी विचारलं नाही.

हा भाग मी आधीच वाचला होता. पहिल्या भागातली सगळी मौज त्यात आटून गेली आहे. सोबती फुटतात, गावं ओस पडतात, आणि मारुतरावांचा लाडका म्हातारा किल्लेदार बर्फाच्या खिंडीत मागे राहतो. पाय मोडलेला असतो. "आठ दिवसांत तुला न्यायला येतो," असं सांगून बाकीचे पुढे जातात. कोणी येत नाही. रोज सकाळी तो उठून वाटेकडे तोंड करून बसतो, आणि असाच बसल्या बसल्या मरतो. तिथेच भाग संपतो. मला राग आला होता, आणि दोन दिवस दुसरं पुस्तक हातात धरवलं नव्हतं.

आप्पाही घरी पुढचं वाचून पाहत होते. ते शेवटाशी पोचले आणि अडकले. पोथी वाचणारा वाईट जागी थांबत नाही. कुणाचा मृत्यू आला तर पुढच्या दोन ओव्या वाचून, काहीतरी बरं घडलं की मगच रुमाल बांधायचा. आणि इथे ऐकणारा तर आजारी माणूस. पुढच्या ओव्या छापलेल्याच नव्हत्या.

मग आप्पांनी त्या स्वतः रचल्या. पुस्तक समोर उघडं धरून ते वाचू लागले, की सहाव्या दिवशी एका धनगराने किल्लेदाराला आपल्या तळावर नेलं. त्याला दूध पाजलं. मेंढ्यांच्या उबेत त्याच्या पायाचं हाड जुळत आलं. मी टेबलामागे बसून ऐकत होते. पुस्तकात धनगर नाही, मेंढरू नाही, दुधाचा थेंब नाही. हे चार दिवस चाललं आणि मी तोंड उघडलं नाही. मारुतराव एवढंच म्हणायचे, "बरं झालं." अर्थ मात्र सांगेनात.

पाचव्या दिवशी आप्पांनी सोबत्यांना परत आणलं. खिंडीत घोडे दिसले, किल्लेदार उभा राहिला. आप्पांचा आवाज आनंदाने चढला होता.

"आप्पा," मारुतराव फोनवरून म्हणाले, "हे पुस्तकात न्हाई."

"न्हाई कसं? माझ्या म्होरं हाय."

"तीस वर्सं तुमच्या शेजारी बसलोय. छापलेलं वाचताना तुम्ही हेल काढता. चार दिवस झालं, हेल न्हाई."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये मान घातली.

"ती लोकं येत न्हाईत त्याला न्यायला," मारुतराव म्हणाले. "व्हय ना?"

"न्हाई येत." आप्पांनी पुस्तक मिटलं. "लिवणारा कसाई हाय बघा. पर खोटं न्हाई लिवत. म्हणून राग येतो."

"मग हाय तसं वाचा. आन् पाडव्याचंबी मी तुम्हाला असंच सांगत आलो, हेल न काढता. आठवड्याला तीनदा त्या मशीनवर झोपावं लागतं, आप्पा. आता राहूला येणं व्हायचं न्हाई."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ पान सापडत नव्हतं. मी उठून काढून दिलं.

मग त्यांनी वाचलं, आहे तसं. किल्लेदार सकाळी उठून बसतो. बर्फ पडतं. वाट दिसेनाशी होते, तरी तो तिकडेच तोंड करून बसतो. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द आप्पांनी देवळात लांबवायचे तसाच लांबवला. वर्तमानपत्र वाचणारे दोघं पानं उलटायचे थांबले. वाचून झाल्यावर आप्पा नेहमीसारखे गप्प झाले, अर्थासाठी.

"ह्याचा अर्थ मला न्हाई सांगता येत," मारुतराव म्हणाले. "फुडं वाचा."

"फुडं काय न्हाई. भाग संपला. तिसरा अजून छापला न्हाई."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी दार लावलं.

"तरी फोन ठेवू नका," मारुतराव म्हणाले.

आप्पांनी ठेवला नाही. तो उघड्या पानावर ठेवून ते बसून राहिले. माझी वाचनालय बंद करायची वेळ होऊन गेली, तरी किल्ल्या मी खणातच राहू दिल्या.