मुडद्याचा हसरा शॉट

जनरेटरपाशी बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सिरियलच्या युनिटमधला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्याच्याकडे येतोच. कारण तिथं एवढा आवाज असतो, की डायरेक्टरला कितीही शिव्या घाला, डायरेक्टरला ऐकू जात नाहीत! कुणी बिडी ओढायला येतं, कुणी रडायला, कुणी गुपचूप घोट मारायला. आणि जाताना प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो. दोन वर्षांत माझ्याकडे डिझेलपेक्षा किस्से जास्त साठले.

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. पण दादा गेल्यापासून हे सगळं डोक्यात फिरत राहतं, आणि गप्प बसलो की भीती वाटते. म्हणून सांगतो. हसू आलं तर हसा. दादाला चाललं असतं.

* * *

सिरियलचं नाव ‘साक्षीला सावली’. तळोद्याजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये शूटिंग चालायचं. गोष्ट अशी, की एक इन्स्पेक्टर असतो. त्याची बायको रेवती मेलेली. पण तो प्यायला की त्याला ती दिसते, आणि खून कुणी केला ते सांगते. उतरली की ती गायब! म्हणजे दारू सोडली तर बायको जाणार, आणि नाही सोडली तर तो स्वतः जाणार. लोक हे बघून रडायचे.

माझा मोठा भाऊ भरत, म्हणजे आमचा दादा, या सिरियलमध्ये मुडदा होता. दर आठवड्याला नवा खून, आणि प्रत्येक खुनात मुडदा आमचा दादाच! कधी पालथा, कधी दाढी लावलेला, कधी पाण्यात फुगलेला. श्वास धरावा तर त्यानंच. लहानपणी तापीत डुबक्या मारून शिकला होता.

रात्रीचे सीन आम्ही दुपारीच करायचो. खिडक्यांना काळं कापड ठोकलं की जिनिंगमध्ये दोन वाजता अमावस्या!

आणि एक नियम होता. मुडद्याचा शॉट झाला तरी कॅमेरा बंद करायचा नाही. आधी मुडद्यानं उठायचं, कॅमेऱ्यात बघायचं आणि हसायचं. मगच कट. याला ‘हसरा शॉट’ म्हणायचे. तो राहिला तर खोटं मरण अंगाला चिकटतं, असं युनिटमधली जुनी माणसं सांगायची.

दादा उठायचा तो ओरडतच, “मी जित्ता शे रे भो!”

* * *

एकदा दुपारी घरून फोन आला, माय चक्कर येऊन पडली. दादा होता तसाच पळाला. तळोद्याच्या स्टँडवर गावाकडं जाणारी जीप सुटत होती, तिच्यात घुसला. तोंडाला मुडद्याचा पांढरा रंग आहे आणि गळा या कानापासून त्या कानापर्यंत कापलेला आहे, हे त्याच्या लक्षातच नाही!

जीपमधल्या बाया किंचाळल्या. एक म्हातारी देवाचं नाव घेत खाली उतरली ती परत चढलीच नाही.

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. त्या रस्त्यावर वीस वर्षं जीप चालवलेला माणूस, त्याला कशाचं काही नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, “भो, तू टपवर बस. आत जित्ता माणसं शेतस.”

* * *

इन्स्पेक्टरचं काम करणारे नट पुण्याचे. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. त्यांच्या बाटलीत कोरा चहा असायचा. आणि त्या बाटल्या कोण पुरवायचं? दादा! रात्री तो रिकाम्या करायचा, सकाळी धुऊन प्रॉपर्टीच्या, म्हणजे शूटिंगच्या सामानाच्या टेबलावर ठेवायचा. दारू पिणारा इन्स्पेक्टर चहा प्यायचा आणि मुडदा दारू!

साहेबांना आमच्या अहिराणीचा एक शब्द कळत नसे. कुणी बोललं, की दादा मराठीत करून सांगायचा.

एक दिवस तापीकाठचे एक म्हातारे बाबा बाटली घेऊन आले. साहेबांसमोर हात जोडले. “साहेब, दोन घोट ल्या. मन्ही बायको दखास का, तेवढं पाहा.”

दादानं सांगितलं तसे साहेब गडबडले. हे नाटक आहे, हे सांगायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी आपल्याच बाटलीतला चहा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “दिसल्या. सुखात आहेत. तुमच्याबद्दल फार चांगलं बोलल्या.”

बाबांनी आपली बाटली उचलली. “मंग ती मन्ही नही! ती चांगलं कधीच बोलनी नही!”

सगळं युनिट हसलं. बाबा मात्र जनरेटरमागं येऊन बसले आणि अर्धा तास रडले. मी त्यांना पाणी दिलं. तेव्हा मला वाटलं, एवढ्या वयाचा माणूस आणि केवढा येडा!

आता तसं वाटत नाही.

* * *

दादाची दारू बापासारखीच. बाप त्यातच गेला. मी सोळा वर्षांचा असताना केळीच्या वाफ्यात बसून पहिल्यांदा बाटलीचं झाकण उघडलं. तोंडाला लावणार, तेवढ्यात मागून दादा आला. हातातून बाटली ओढली आणि माझ्यासमोर एका दमात सगळी पिऊन टाकली. तोंड पुसून म्हणाला, “तुन्हा वाटानी बी मीच पी लिधी, भो!”

मग माझ्या कानाखाली एक दिली.

हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. दादानंही नाही. मार खाल्ल्याचं कोण सांगतं? आणि दारू ओढून घेऊन स्वतःच प्यायल्याचं तरी कोण सांगतं?

त्या दिवसापासून मी थेंब घेतला नाही. मला वाटायचं, खरंच तो माझ्या वाट्याची पितोय.

* * *

शोभा मेकअप करायची. विसरवाडीला हायवेवर तिचं छोटं पार्लर होतं. दादाला मुडदा करायचं काम तिचं. पावडर लावायची, ओठ काळे करायचे, गळा कापायचा. एवढ्यात प्रेम जमलं! दुसऱ्याचं प्रेम फुलं देऊन जमतं, यांचं गळा कापता कापता.

एकदा क्लोजअप चालू होता. साहेब मुडद्यापाशी बसून डायलॉग म्हणतायत, आणि मुडद्याच्या गालाला खळी! पुन्हा घेतला, पुन्हा खळी. डायरेक्टर ओरडले, “मुडदा लाजतोय! शोभाला बाहेर काढा आधी!”

शोभाची एकच अट होती. “दारू सोड, दुसऱ्या दिवशी मांडव घालू.” दादा प्रत्येक मुडद्याच्या वेळी शपथ घ्यायचा, “हाऊ मन्हा आखरी मुडदा. आते नवा जन्म.”

असे त्याचे चाळीस तरी जन्म झाले असतील.

* * *

पुढच्या किश्श्याला मात्र हसू नका.

दादा मेकअपच्या खुर्चीत बसला होता, तेवढ्यात डायरेक्टर डोकावले. डायरेक्टर खूश! “शोभा, काय रंग आणलास! विषबाधा झालेला माणूस अस्साच पिवळा पडतो. डोळेसुद्धा पिवळे! हाच रंग ठेव.”

शोभाच्या हातात ब्रश तसाच. ती म्हणाली, “सर, मी अजून काही लावलंच नाही.”

* * *

त्याच संध्याकाळी शोभानं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, अॅडमिट व्हा, दारू आमच्यासमोर सुटली पाहिजे, अशी एकदम घरी सोडायची नाही. दादा म्हणाला, एपिसोड अर्धा आहे, संपला की येतो. आणि शोभाचा हात धरून त्यानं त्या क्षणी दारू सोडली. या वेळी खरंच सोडली.

तिसऱ्या दिवशी दुपारची अमावस्या लावून शॉट घ्यायला बसलो, तर मुडदा थरथरतोय! हात, ओठ, पापण्या, सगळं. चादर घातली, तर चादर थरथरते. नऊ टेक झाले. डायरेक्टर डोकं धरून म्हणाले, “अरे, त्याला कुणीतरी शांत करा रे!”

त्यांनी दारू आणा असं म्हटलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात आलं. मला आधी पळायचं आणि मग विचार करायची सवय आहे. गाडीला किक मारली आणि त्याची नेहमीची क्वार्टर घेऊन आलो. शोभाला दिसू नये म्हणून जनरेटरमागं दिली.

दादानं माझ्याकडं बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. अर्धी प्यायला, झाकण लावलं आणि उरलेली माझ्या हातात दिली. “जपी ठेव. शॉट व्हवू दे.”

हात थांबले. मुडदा हलला नाही. शॉट पहिल्याच टेकला ओके! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा चालूच होता, हसऱ्या शॉटसाठी.

दादा उठेना.

आम्ही हसत होतो. ही त्याची जुनी खोड, मुद्दाम पडून राहायचा आणि कुणी जवळ गेलं की ‘भॉक’ करून घाबरवायचा. मी जाऊन तळपायाला गुदगुल्या केल्या. “ऊठ ना भो, जेवाले चाल!” साहेब म्हणाले, “भरत, पुरे आता.” शेवटी शोभा आली आणि ओल्या कापडानं त्याच्या ओठांचा काळा रंग पुसू लागली.

पुसत राहिली. रंग जाईना.

* * *

डॉक्टर म्हणाले, लिव्हर आधीच संपलं होतं, तुझ्या त्या अर्ध्या क्वार्टरनं काही झालं नाही. शोभाही तेच म्हणते. मला दोघांचंही पटत नाही.

ती उरलेली अर्धी बाटली जनरेटरच्या टूलबॉक्समध्ये होती. गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर मी कामावर गेलो, तेव्हापासून रोज ती काढायचो, झाकण उघडायचो, वास घ्यायचो आणि परत ठेवायचो. तुम्ही हसाल. पण दोन वर्षं मी रोज बघितलं होतं, की माणूस पितो आणि त्याला त्याचं मेलेलं माणूस दिसतं. मला माहीत होतं तो चहा आहे. तरीही.

मला मरायची भीती नव्हती. प्यायलो आणि दादा दिसला नाही, तर? आणि दिसला, तर मी परत कधी थांबेन?

* * *

त्या एपिसोडचा एक शॉट राहिला होता. डायरेक्टर माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. “पिंट्या, तू त्याच्यासारखा दिसतोस. एकच शॉट. नाही म्हणालास तरी चालेल.”

मी लगेच हो म्हणालो. दादाचा हसरा शॉट राहिला होता ना! त्याच्या जागेवरून उठून मी हसलो, तर कदाचित त्याचं काही फिटेल असं वाटलं. आणि मनात दुसरंही ठरवलं होतं, की शॉट झाला की बाटली तोंडाला लावायची. जे व्हायचं ते होवो.

शोभानं मला रंगवलं. दादाच्या हनुवटीवर वण होता, तो काढला. म्हणाली, “डोळे मिट. उघडे असले की तू वेगळा दिसतोस.”

मुडद्याच्या अंगावर नुसती चादर, खिसा नाही. म्हणून बाटली मी प्रॉपर्टीच्या टेबलावर, पडद्याच्या आडोशाला ठेवली आणि जाऊन झोपलो.

खिडक्यांवर काळं कापड पडलं. ॲक्शन झालं. सीन असा, की साहेब बाटली रिकामी करतात आणि माझ्या उशाकडं बघून विचारतात, “रेवती, कोण होता तो?” रेवतीचा शॉट दुसऱ्या दिवशी होता. उशाशी कुणीच नव्हतं.

झाकणाचा आवाज आला. मग वास आला. तो चहाचा नव्हता.

मला कळलं, टेबलावरून कुठली बाटली उचलली गेली ते. पण मुडद्यानं हलायचं नसतं. साहेबांच्या घशातून घोट उतरत गेले, एक, दोन, शेवटपर्यंत. त्यांना ठसका लागला नाही. रिकामी बाटली फरशीवर टेकली.

डायलॉग येईना. मी पापण्यांच्या फटीतून बघितलं. साहेब माझ्या उशाकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर दादाचं, जीपच्या टपवर बसून घरी आला तेव्हाचं हसू होतं.

मग ते पुण्याचे साहेब, अगदी हळू, मला म्हणाले,

“तुन्हा वाटानी बी मीच पी लिधी, भो. आते ऊठ. हस.”