उघडं बायबल आणि पाठ स्तोत्रं

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची दर गुरुवारी दुपारी चार वाजता प्रार्थनासभा भरते. कधी एकीच्या घरी, कधी दुसरीच्या. सात-आठ जणी असतो. आधी एखादं गीत, मग बायबलमधला एक उतारा, मग त्यातून आपल्या रोजच्या जगण्याला काय घेता येईल यावर बोलणं, शेवटी प्रार्थना आणि चहा. उतारा वाचायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडं होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आवाज खणखणीत, जोडाक्षरांना अडत नाही. त्यामुळं ते काम मला कुणी दिलं असं नाही, ते आपसूक माझ्याकडं आलं आणि मलाही ते आवडत होतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आवडत होतं.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी मला बायबलमधली अक्षरं दिसेनाशी झाली. आधी ती फिकी पडली, मग एकमेकांत मिसळली. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण ट्यूबलाइटभोवती कडं दिसायला लागलं तेव्हा मी दिवाच बंद करून टाकला. कारण ते कडं मला आधीपासून माहीत होतं, आईच्या तोंडून.

आई शेवटची नऊ वर्षं आंधळी होती. काचबिंदू. तिलाही सुरुवातीला दिव्याभोवती कडं दिसायचं. डॉक्टरांकडं नेलं तोवर उशीर झाला होता. त्यांनी तेव्हाच आम्हा दोघी बहिणींना बजावलं होतं, "हे घराण्यात येऊ शकतं. चाळिशीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्या." अकलूजला दिलेली माझी धाकटी बहीण नेमानं तपासून घेते. मी एकदाही गेले नाही. शाळा, मुलं, परीक्षा अशी कारणं होती. निवृत्त झाल्यावर कारण उरलं नाही, तेव्हा भीती होती.

मग मी लपवायला शिकले. कोथिंबीर आणि मेथी वासावरून घ्यायची. बसची पाटी शेजारच्या बाईला विचारायची, तेही असं की जणू माझं लक्ष दुसरीकडं होतं. बहीण फोनवर म्हणायची, "ये की गं चार दिवस." मी म्हणायचे, "घरात लई कामं आहेत." तिच्यासमोर गेले असते तर तिनं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असतं. दीड वर्ष मी अकलूजला गेले नाही.

आणि गुरुवारी मी बायबल उघडायचे, ओळींवरून बोट फिरवायचे आणि पाठ असलेलं स्तोत्र म्हणायचे. लहानपणी रविवारच्या शाळेत बक्षिसासाठी पाठ केलेली दहा-बारा स्तोत्रं अजून जशीच्या तशी येतात. तीच मी आलटून पालटून वाचत होते, मेंढपाळाचं तर सारखंच. वाचत कसली, म्हणत होते. बायका डोळे मिटून ऐकायच्या. कुणाला काही कळत नाही असं मला वाटायचं.

माझ्या यजमानांना शुगर आहे आणि बीपीही. त्यांच्या गोळ्या मीच देत असे. नाश्त्याआधी शुगरची, नाश्त्यानंतर बीपीची. दोन्ही स्ट्रिपा चंदेरी, आकारही तोच. एक डब्याच्या उजव्या बाजूला, दुसरी डाव्या बाजूला ठेवायची मी सवय लावून घेतली होती. एका सकाळी नाश्त्याआधीची गोळी दिल्यावर डबा पुसायला घेतला आणि स्ट्रिपा परत ठेवताना बाजू चुकली. त्या दिवशी त्यांना शुगरचीच गोळी दोनदा गेली.

अकराच्या सुमाराला ते पेपर वाचत बसले होते. पेपर हातातून सुटला. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. मी साखरेचं पाणी केलं, चमच्यानं पाजलं. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. शुगर एकदम खाली गेली होती. सलाइन लागलं, तासाभरात ते उठून बसले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सकाळी नाश्ता केला होता ना यांनी?"

मला तोवर कळून चुकलं होतं काय झालं ते. तरी मी म्हणाले, "थोडंच खाल्लं होतं त्यांनी."

त्यांनी ताटभर उप्पीट खाल्लं होतं. वर अर्धी भाकरी शेंगाचटणीशी. ते कॉटवर बसून माझ्याकडं बघत होते. डॉक्टर म्हणाले, "काका, गोळी घेतली की पोटभर खायचं," आणि ते नुसते हो म्हणाले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. गोळ्यांच्या एका स्ट्रिपेला मी रबरबँड गुंडाळलं. बोटानं चाचपून द्यायचे, तरी ते गोळी घेऊन मोरीकडं गेले की परत येईपर्यंत मी जागची हलायचे नाही. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचायचे नाहीत. पाठ असलेली स्तोत्रंसुद्धा तोंडातून निघताना मला माझीच लाज वाटायची.

त्या महिन्यात सभेला एक नवी बाई यायला लागली होती. तेलुगू बोलणारं विणकराचं घर, नवरा पॉवरलूमवर, ती स्वतः टॉवेलांना शिलाई मारायची. मराठी बोलायची फर्डी, पण वाचायला आत्ता शिकत होती, चाळिशीत, स्वतःच्या मुलीच्या पुस्तकावरून. ती मला बाई म्हणायची, शाळेत म्हणतात तसं. एका गुरुवारी सभा आमच्याच घरी होती. ती म्हणाली, "बाई, दर वेळी स्तोत्रच का वाचायचं? येशूच्या गोष्टी वाचू की. मार्काचं पुस्तक मी घरी वाचतीय, आठवा अध्याय लागलाय."

बाकीच्या हो हो म्हणाल्या. मला मार्काचा आठवा अध्याय पाठ नव्हता.

मी पानं उलटली. समोर नुसता करडा धूर. मग शिक्षिकेची हुशारी कामी आली. मी म्हणाले, "मग तुम्हीच वाचा ना. वाचल्याशिवाय वाचन सुधारत नाही."

तिला वाटलं मी तिचा मान केला. ती लाजली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागली. बेथसैदा गावातल्या आंधळ्याची गोष्ट आली. लोक त्याला येशूकडं आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो माणूस वर बघतो आणि सांगतो की माणसं दिसतात, पण ती चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. मग येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं लख्ख दिसायला लागतं. एवढंच वाचायला तिला दहा मिनिटं लागली.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. यावर प्रवचनंही ऐकली होती. एकीनं तेच विचारलं जे नेहमी विचारतात, "पहिल्यांदाच पूर्ण बरं का नाही केलं त्याला?" दुसरी म्हणाली, विश्वास हळूहळू वाढतो म्हणून असेल. मी मान हलवत होते.

ती तेलुगू बाई मात्र पुस्तकाकडंच बघत होती. म्हणाली, "मला वेगळंच वाटतंय बघा. तो माणूस लई धीराचा होता. खरं बोलला. त्याच्या जागी मी असते ना, तर म्हटलं असतं, दिसतंय देवा, सगळं दिसतंय. एवढं केलं त्यांनी, आता परत कुठं त्रास द्यायचा म्हणून. आणि तशीच झाडं बघत घरी गेले असते."

बायका हसल्या. तीही हसली. "खरंच की. आपल्याला कुणी विचारलं कसं हाय, तर आपण काय म्हणतो? बरं हाय. काही का असंना, बरं हाय."

मी चहाच्या निमित्तानं उठले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. आतून कुणीतरी गाठ सोडल्यासारखं झालं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीतीचं नव्हतं ते. दीड वर्षात पहिल्यांदा मला कळलं की मला काय करायचं आहे, आणि ते किती साधं आहे. आधी सांगायचं. बाकी पुढचं पुढं.

बायका गेल्यावर यजमान व्हरांड्यातून आत आले. मी त्यांना म्हणाले, "अहो, बसा जरा. मला सांगायचंय."

"सांग."

"मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. त्या दिवशी तुम्हाला गोळी चुकीची गेली ती माझ्या हातून. आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"दवाखान्यातून आल्यावर मी स्ट्रिप बघितली. एक गोळी जास्त गेलेली. तेव्हापासून तू हातात दिलेली गोळी मी मोरीत जाऊन चष्म्यानं बघतो आणि मग घेतो."

"मग बोलला का नाहीत?"

"राग आला होता म्हणून. गोळी चुकली त्याचा नाही, चुका होतात. पण माझ्यासमोर तू डॉक्टरला सांगितलंस, थोडंच खाल्लं. तो राग गेला, मग वाटलं, तू सांगशील." जरा थांबून ते म्हणाले, "आणि मलाही भीती वाटत होती. तुझ्या आईला मी पण बघितलंय."

म्हणजे आम्ही दोघं एकाच घरात, एकाच भीतीला दोन बाजूंनी टेकून बसलो होतो. ते उठले, स्वतःच्या हातानं चहा गरम केला आणि कपात ओतून मला दिला. चहा कडू झाला होता. मी सगळा प्यायले.

सोमवारी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डोळ्यांत थेंब टाकून तासभर बाकावर बसवलं. यजमान शेजारी बसून भिंतीवरचे फलक मला वाचून दाखवत होते, अगदी चप्पल बाहेर काढावी हेसुद्धा. मी मनातल्या मनात प्रार्थना केली, पण डोळे चांगले असू देत असं मागितलं नाही. जे असेल ते ऐकायचा धीर दे, एवढंच.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं डोळ्यांचा दाब मोजला, भिंगातून आत बघितलं, एकदा उजवा, एकदा डावा, परत उजवा. आईला काचबिंदू होता हे मी तिला आधीच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "मावशी, दाब नॉर्मल आहे. नस पण चांगली दिसतीय. तुम्हाला काचबिंदू नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. ऑपरेशन केलं की दिसेल. एवढे दिवस काय करत होता?"

"पाठ म्हणत होते," मी म्हणाले. तिला कळलं नाही. मला हसू फुटलं आणि ते आवरेना. यजमान रुमालानं स्वतःचेच डोळे पुसत होते. बाहेर आलो तर थेंबांमुळं ऊन डोळ्यांत मावत नव्हतं. मी त्यांचा दंड धरून चालत होते आणि दीड वर्षाचं ओझं कुणीतरी पाठीवरून काढून घेतल्यासारखी पावलं हलकी पडत होती.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मला सगळ्यात आधी निळा रंग दिसला, दवाखान्याच्या पडद्याचा. निळा इतका निळा असतो हे मी विसरले होते. घरी येऊन बघते तर ओट्याच्या मागच्या फरशीवर तेलाचे ओघळ, कोपऱ्यांत जाळी. एवढ्या घाणीत मी देवाचं नाव घेऊन स्वयंपाक करत होते! डॉक्टरांनी आठ दिवस वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं फरशी यजमानांनी पुसली आणि मी खुर्चीत बसून कुठं राहिलं ते दाखवलं.

दुसरा डोळा महिन्यानं झाला. मधल्या एका गुरुवारी मी बायकांना सगळं सांगितलं, गोळीचं, डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं आणि स्तोत्रांचंही. मग आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "तरीच! मी म्हणत होते, हिला मेंढपाळाच्या स्तोत्राचं एवढं वेड कसं काय लागलं." सगळ्या हसल्या. मग चहा आला.

वाचनाचं काम मी परत घेतलं नाही. आता ती तेलुगू बाई वाचते, बोट ठेवून. ती अडली की पूर्वीच्या सवयीनं शब्द माझ्या ओठांवर येतो. मी तो गिळते. तिला तिचा वेळ लागतो आणि त्या वेळात मला ऐकू येतं. इतकी वर्षं वाचण्याच्या नादात मी ऐकलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात मी एकटी एसटी स्टँडवर गेले. अकलूजच्या गाडीची पाटी लांबूनच वाचली, कुणालाही न विचारता. खिडकीची जागा मिळाली. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता आणि त्याचं पान न् पान वेगळं दिसत होतं. बहिणीला मी फोन केला नव्हता. तिनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं रस्त्यावर बघितलं.

"कुणासोबत आलीस?"

"एकटीच. आत तर घे. तुला बरंच सांगायचंय, आणि आधी मला रागाव पोटभर."

ती रागावली. रडलीही. मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तिच्या अंगणात शेंगा फोडत बसलो.